तळव्याची नोंद ठेवा : पशुसंवर्धन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे



ब्रॉयलरचा लॉट उचलला गेला की त्याचा हिशेब चार आकड्यांत होतो : मर किती झाली, सरासरी वजन किती भरले, एफसीआर (किलोभर वजनासाठी लागलेले खाद्य) किती आला आणि किलोमागे उत्पादनखर्च किती पडला. या आकड्यांवर करारातील शेतकऱ्याचा मोबदला ठरतो आणि कंपनीचा नफाही. पक्षी ज्या पायांवर पाच-सहा आठवडे उभा असतो त्या पायांची नोंद या हिशेबात कुठेच नसते. ती ठेवली जावी, लॉट उचलताना शंभर पक्ष्यांचे तळवे पाहून शेतकरी आणि कंपनी या दोघांच्या सहीने नोंदवली जावी, आणि तळवे खराब निघाले तर त्याची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर न टाकता खाद्य पुरवणाऱ्यावरही यावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान आहे. तिच्यामागची कारणे मात्र नीट उलगडून सांगायला हवीत, कारण या विषयावर शेडमध्ये जो वाद होतो तो बहुधा चुकीच्या जागी सुरू होतो आणि चुकीच्या माणसावर संपतो.

पक्षी उचलून त्याचा पाय उलटा करून पाहिला तर निरोगी तळव्याची कातडी फिकट, लवचिक आणि बारीक खवल्यांची दिसते. बिघाड सुरू होतो तेव्हा पंजाच्या मधल्या गादीवरचे खवले जाड होतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि रंग तपकिरी होत जातो. पुढे त्या जागी काळी खपली धरते. ती शीट, तूस आणि जखमेतून पाझरलेला स्राव यांची मिळून झालेली असते, इतकी घट्ट की वरवर पाहणाऱ्याला नुसती घाण चिकटली आहे असेच वाटते. पाय धुऊन ती खपली सोडवली की खाली वाटोळा व्रण दिसतो. पाय दुखू लागला की पक्षी जास्त वेळ बसून राहतो, मग तसाच करपल्यासारखा डाग ढोपरावर आणि पुढे छातीवर उमटतो. पशुवैद्यकात याला फूटपॅड डर्मटायटिस म्हणतात. उत्तर आयर्लंडमधील संशोधकांनी १९८५ मध्ये ब्रॉयलरमधील या आजाराचे सविस्तर वर्णन केले, आणि तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध होत आली आहे : हा आजार संसर्गाने सुरू होत नाही, संपर्काने सुरू होतो. जंतू नंतर येतात. आधी ओल कातडी मऊ करते. स्कॉटलंडमध्ये टर्कीवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले की विष्ठेतली रसायने नसली तरी नुसता ओलावा तळवा खराब करायला पुरतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पक्षी वेळेवर कोरड्या लिटरवर (शेडमधल्या तुसाच्या अंथरणावर) आला तर सुरुवातीच्या जखमा भरून येतात. म्हणजे हा आजार टाळता येतो, मागेही फिरवता येतो. पहिल्या दोन आठवड्यांतच तो सुरू होऊ शकतो, त्यामुळे लॉटच्या शेवटी धावपळ करून उपयोग नसतो एवढे लक्षात ठेवायचे.

आता ही ओल येते कुठून, याचा हिशेब मांडून पाहू. पाच हजार पक्ष्यांची शेड घ्या, पक्ष्याला एक चौरस फूट जागा, उचलताना दोन किलो वजन आणि १.६ एफसीआर. असा लॉट १६ टन खाद्य खातो. बेताच्या हवेत कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. दुप्पटच धरले तरी ३२ हजार लिटर झाले. पक्ष्यांच्या शरीराचा साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याचा असतो, म्हणजे दहा टन वजनात साडेसहा हजार लिटर मुरले. उरलेले पंचवीस हजार लिटर शेडमध्येच बाहेर पडले. त्यातले निम्मे श्वासावाटे हवेत गेले असे मानले तरी साडेबारा हजार लिटर शिटेतून तुसावर येतात, चौरस फुटाला अडीच लिटर. आणि दोन इंच जाडीचे भाताचे तूस चौरस फुटाला जेमतेम अर्धा किलो भरते. अर्धा किलो तुसाने अडीच लिटर पाणी धरून ठेवणे शक्यच नाही, त्यातून भाताचे तूस सिलिकामुळे तसेही फारसे पाणी शोषत नाही. लिटरचे काम पाणी साठवण्याचे नसून ते पसरवून हवेला देण्याचे आहे. जोवर येणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा मेळ बसतो तोवर लिटर भुसभुशीत राहते. मुठीत दाबून सोडले की विस्कटते. मुठीत दाबलेल्या लिटरचा लाडू वळून तसाच राहिला की समजावे, मेळ बिघडला. ओलावा ३०-३५ टक्क्यांच्या पुढे गेला की वर खपली धरते, खालची ओल अडकून पडते आणि तळवे बिघडू लागतात.

याच हिशेबात खाद्य कुठे बसते तेही पाहण्यासारखे आहे. समजा खाद्यात सोडियम किंवा पोटॅशियम थोडे जास्त झाले आणि पक्षी दहा टक्के पाणी जास्त प्यायले. दहा टक्के म्हणजे किरकोळ वाटते. पण शरीरात मुरणारे पाणी वजनावर ठरलेले असते आणि श्वासावाटे जाणारे हवामानावर, त्यामुळे हे जादाचे तीन हजार दोनशे लिटर जवळजवळ सगळेच शिटेतून बाहेर येतात. साडेबारा हजारांत तीन हजार दोनशेची भर म्हणजे तुसावरचा भार पंचवीस टक्क्यांनी वाढला. पाण्यातला छोटासा फरक तुसावर येईपर्यंत अडीचपट होतो. शेतकऱ्याने शेडमध्ये काहीही बदल केलेला नसतो. पाण्याचे निपल तेच, पडदे तेच, तूस हलवण्याची वेळही तीच. बदललेले असते फक्त पोत्यातले मिश्रण, आणि ते त्याने बनवलेले नसते.

पोत्यात बदलते काय? मिठाचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये दिलेल्या गरजा पाहिल्या तर ब्रॉयलरला सुरुवातीला ०.२० टक्के सोडियम लागते आणि वाढत्या वयात ते ०.१५ आणि ०.१२ टक्क्यांपर्यंत उतरते. प्रत्यक्षात सोडियम अनेक वाटांनी येते : मीठ, खाण्याचा सोडा, सुक्या मासळीची भुकटी आणि उन्हाळ्यात पाण्यातून दिलेले इलेक्ट्रोलाइट. उष्णतेच्या ताणात सोडा देणे योग्यच आहे; पण तो देताना खाद्यातले मीठ त्या प्रमाणात कमी केले नाही तर पक्षी पाणी पितच राहतो. सुक्या मासळीत मीठ किती हे पोत्यागणिक बदलते. सोयाबीन पेंडेत पोटॅशियम सुमारे दोन टक्के असते, शिवाय कोंबडीला न पचणाऱ्या काही शर्कराही असतात; त्यामुळे पेंडेचे प्रमाण वाढले की शीट पातळ आणि चिकट होते. प्रथिनांचे गणित वेगळे आहे. पक्ष्याला लागतात त्यापेक्षा जास्त प्रथिने दिली, किंवा अमिनो आम्लांचा तोल चुकला, की जादा नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो आणि त्यासाठी पाणी लागते. ओल्या लिटरमध्ये जंतू त्याच युरिक आम्लाचा अमोनिया करतात. म्हणजे जादा प्रथिने दोन बाजूंनी नडतात, ओलही वाढवतात आणि ती ओल तिखटही करतात. निकृष्ट, नीट न पचणारी चरबी घातली तर लिटर तेलकट होऊन थर लवकर धरते. बायोटिन आणि जस्त कातडी धडधाकट ठेवतात आणि त्यांची कमतरता तळव्यावर दिसते. पण जमीन ओली असेल तर बायोटिन कितीही ओतले तरी तळवे वाचत नाहीत, हेही प्रयोगांनी दाखवून दिले आहे. व्हिटॅमिनची बाटली विकणाऱ्यांनी ही दुसरी बाजू शेतकऱ्याला सांगायला हवी.

हा विषय आजच काढण्याचे कारणही खाद्यातच आहे. २०२३ च्या अखेरीस उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि इथेनॉलसाठी मक्याची मागणी झपाट्याने वाढली. कोंबडीच्या खाद्यातला मुख्य घटक महागला, आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस हा सुका चोथा खाद्यात स्वस्त प्रथिन म्हणून येऊ लागला. कणी, तेल काढलेला भाताचा कोंडा, मोहरीची पेंड यांचे प्रमाणही भावाप्रमाणे खालीवर होते. यात गैर काही नाही. स्वस्त कच्चा माल वापरणे हा खाद्यनिर्मितीचा धर्मच आहे, आणि योग्य एन्झाइम व योग्य तोल साधला तर यातले बहुतेक घटक पक्ष्याला मानवतात. पण डीडीजीएसमध्ये सोडियम, गंधक आणि बुरशीची विषे किती असतील याचे प्रमाण कारखान्यागणिक वेगळे असते. मिश्रण बदलले हे शेतकऱ्याला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच की या लॉटला तूस टिकत नाही. आपल्याकडचे कुक्कुट खाद्याचे भारतीय मानक, आय.एस. १३७४, प्रथिनांची किमान पातळी सांगते. जास्तीत जास्त किती असावीत, पोटॅशियम किती असावे, हे प्रश्न त्या आकड्याने सुटत नाहीत. भेसळखोरापासून वाचवण्यासाठी किमान पातळी आवश्यक होती. तळवे वाचवण्यासाठी ती पुरेशी नाही.

येथून मी मूळ मुद्द्यावर येतो. महाराष्ट्रात ब्रॉयलरचा मोठा भाग करारावर वाढतो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, तूस, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. याचा अर्थ तळव्यावर जे दोन घटक एकत्र येतात ते दोन वेगळ्या खिशांतून येतात. खाद्य स्वस्त केले तर फायदा कंपनीच्या खिशात दिसतो, आणि त्यातून ओल वाढली तर जादा तूस, जादा मजुरी आणि बिघडलेला एफसीआर शेतकऱ्याच्या खिशातून जातो. उलटही होते : शेतकऱ्याने तूस वाचवण्यासाठी दोन इंचांच्या जागी एकच इंच अंथरले, तर चांगल्या खाद्यावरचा पक्षीही लंगडतो आणि कंपनीचे खाद्य वाया जाते. तूस आता फुकट मिळत नाही. बॉयलर आणि वीटभट्ट्यांनाही तेच हवे असते, आणि पावसाळ्यात भाव चढतो तेव्हाच ते जास्त लागते. असे असताना सुपरवायझरच्या भेटीच्या कार्डावर ‘लिटर व्यवस्थापन खराब’ हा शेरा पडतो आणि प्रकरण तिथेच मिटते. शेरा कधी खरा असतो, कधी नसतो. तो कधी खरा आणि कधी खोटा हे ठरवण्याचे साधनच दोघांकडे नाही, ही खरी अडचण आहे. तळव्याची नोंद ते साधन देते. एकाच आठवड्यात एकाच खाद्याच्या वीस शेडपैकी दोन शेडमध्ये तळवे खराब निघाले तर दोष त्या शेडचा. वीसपैकी पंधरा शेडमध्ये निघाले तर दोष पोत्याचा. हे सांगायला प्रयोगशाळाही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपल्याकडे कोंबडी बहुतांशी जिवंत विकली जाते, पाच-सहा आठवड्यांत तिचे आयुष्य संपते, गिऱ्हाईक पाय पाहत नाही आणि पायाला भावही नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेतून कोंबडीचे पंजे चीन आणि हाँगकाँगला मोठ्या प्रमाणावर जातात आणि अमेरिकेतील कारखान्यांत खपली असलेला पंजा बाजूला काढला जातो, हे खरे आहे. पण माझा मुद्दा निर्यातीवर उभा नाही. मुद्दा असा की तळवा हा शेडच्या पाच आठवड्यांच्या स्थितीचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. तपासणीच्या दिवशी वरून चार पोती नवे तूस टाकता येते, पडदे उघडून वास घालवता येतो. तळवा मात्र लपवता येत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ब्रॉयलरच्या लिटरवर मुद्दाम पाणी शिंपडून ते ओले ठेवण्यात आले. रोग नव्हता, खाद्यही बदललेले नव्हते. तरी तळवे बिघडले, चाल बिघडली, वजन कमी भरले आणि कापल्यानंतरचे मांसही कमी निघाले. त्याच ओल्या लिटरमध्ये कॉक्सिडिओसिसची अंडी पिकतात आणि अमोनियाने डोळे व श्वासनलिका जळतात. म्हणजे जो तळव्याकडे पाहत नाही तो एफसीआरचेही नुकसान सोसत असतो, फक्त कारण त्याला माहीत नसते.

आणि पैशापलीकडचे उत्तरही स्पष्टपणे द्यायला हवे. शेवटी कापायचीच आहे, म्हणून तिने पाच आठवडे व्रणावर उभे राहावे, हे तर्काला धरून नाही. मरण अटळ आहे यावरून जगताना होणारी वेदना माफ होत नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणारा १९६० चा कायदा कोंबडीला वगळत नाही. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये दिलेल्या २६९ व्या अहवालात अंड्यांवरच्या कोंबड्यांबरोबरच ब्रॉयलरच्या निवाऱ्यासाठीही नियमांचा मसुदा सुचवला होता. हा विषय केवळ दयाळू लोकांचा नाही, तो कायद्याच्या दारापर्यंत येऊन ठेपलेला आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूने येतो : शेतकरी तूस हलवत नाही, निपलची उंची वाढवत नाही, गळके निपल बदलत नाही, सगळा दोष तिथे आहे. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पक्ष्याच्या वयाप्रमाणे निपल वर नेले नाहीत तर खाली रोज पाणी सांडते. पावसाळ्यात आणि थंडीच्या रात्री पडदे पूर्ण बंद केले की उडालेले पाणी पुन्हा तुसावर बसते. छपराची वळचण आखूड असेल तर पश्चिमेच्या पावसाची झड थेट कडेच्या तुसावर येते. चुन्याच्या बाबतीत तर एक समज खोल रुजला आहे. ओल्या लिटरवर चुना मारला की ते वरून कोरडे दिसते, पण चुन्याने अल्कधर्मीपणा वाढतो आणि अडकलेला अमोनिया उलट जोरात बाहेर पडतो. पडदे बंद असतील तर पक्ष्यांचे डोळे त्याच रात्री पाणावतात. सुपर फॉस्फेट किंवा तुरटीसारखे आम्लधर्मी पदार्थ अमोनिया बांधून ठेवतात, चुना ठेवत नाही. खपली धरलेला भाग उचलून बाहेर काढणे आणि तिथे कोरडे तूस टाकणे याला पर्याय नाही. आपल्या खात्याने ही एक गोष्ट जरी गावोगावी पोहोचवली तरी पुष्कळ काम होईल. पण शेतकऱ्याच्या चुका आहेत यावरून खाद्याच्या चुका नाहीत असे सिद्ध होत नाही. सारख्याच लिटरवर, सारख्याच शेडमध्ये फक्त खाद्य बदलून केलेल्या प्रयोगांत जास्त प्रथिनांच्या आणि पूर्णपणे वनस्पतिजन्य खाद्यावरच्या पक्ष्यांचे तळवे जास्त खराब निघाले आहेत. तेव्हा दोन्ही कारणे मोजावी लागतील.

आपल्याकडे गर्दी कमी असते, त्यामुळे हा युरोपचा प्रश्न आहे, असेही म्हटले जाते. युरोपीय संघाच्या २००७ च्या ४३ क्रमांकाच्या निर्देशानुसार तिथे चौरस मीटरला ३३ किलो, आणि हवेच्या व इतर ठरलेल्या अटी पाळल्या तर ३९ ते ४२ किलोपर्यंत पक्षी ठेवता येतात. आपल्या उघड्या शेडमध्ये दोन किलोचा पक्षी चौरस फुटाला एक धरला तर चौरस मीटरला साडेएकवीस किलो होतात. हा आपला खरा फायदा आहे. परंतु त्यांच्या शेडमध्ये पंखे आणि उष्णता असते, आपला भरवसा वाऱ्यावर असतो. आणि जुलैमध्ये कोकणात किंवा मावळात वारा स्वतःच ओला असतो. शिवाय बंदिस्त, पंखे आणि पॅड लावलेल्या शेड आता राज्यात वाढत आहेत आणि त्यांचा खर्च भरून काढण्यासाठी पक्ष्याची जागा कमी केली जाते. ही वाढ होत असतानाच तळव्याची नोंद सुरू झाली तर गर्दीची मर्यादा आपल्या हवामानाच्या पुराव्यावर ठरवता येईल, युरोपचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो शेतकऱ्याकडून येतो. आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक साहेब, आणखी एक कपात. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच स्वीडनचे उदाहरण पाहावे. तिथे १९९४ पासून कत्तलखान्यात प्रत्येक लॉटचे तळवे पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो मुख्यतः सल्ल्याचा कार्यक्रम होता : तळवे खराब निघाले की सल्लागार शेडवर जाई, वायुवीजन, पाणी, लिटर, खाद्य सगळे तपासले जाई, आणि सुधारणा होईपर्यंत पक्ष्यांची संख्या कमी करावी लागे. सुरुवातीच्या काही वर्षांतच गंभीर जखमांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. डेन्मार्कनेही तशीच पद्धत घेतली. तिची गुणपद्धती कोणालाही पाच मिनिटांत समजते. शंभर पाय पाहायचे; निर्दोष पायाला शून्य, वरवरच्या डागाला अर्धा आणि खोल व्रणाला दोन गुण द्यायचे. बेरीज चाळीसच्या आत असेल तर ठीक, त्यापुढे सूचना, ऐंशीच्या पुढे गेली तर कारवाई. हे दोन्ही देश थंड आणि ओलसर आहेत आणि तिथेही हिवाळ्यात शेड बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा पावसाळ्यात काहीच करता येत नाही या म्हणण्याला त्यांचा अनुभव पुरेसे उत्तर आहे. आपल्याकडे कत्तलखान्यातून जाणारा माल थोडा, म्हणून नोंद शेडवरच, माल उचलताना घ्यावी लागेल. पक्षी त्या वेळी पायांनी धरून उचलले जातातच. तळवा डोळ्यांसमोरच असतो.

राहिला खाद्याच्या खर्चाचा आक्षेप. प्रथिने कमी केली तर वाढ खुंटेल असे सांगितले जाते. पक्ष्याला प्रथिन म्हणून प्रथिन लागत नाही, अमिनो आम्ले लागतात. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्ले पोत्याने मिळतात. त्यांचा तोल सांभाळून एकूण प्रथिने एका टक्क्याने कमी केली तर बाहेर टाकला जाणारा नायट्रोजन सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, आणि वाढीवर परिणाम होत नाही. फार खाली गेले तर होतो, तेवढी काळजी आहारतज्ज्ञाने घ्यायची आहे. पेंड स्वस्त आणि अमिनो आम्ले महाग असतील त्या काळात हे काही पैशांनी महाग पडेल. ते पैसे आजही खर्च होतातच, फक्त ते शेतकऱ्याच्या तुसाच्या बिलात लपलेले असतात. त्या तुसाची किंमत शेवटी खत म्हणूनही कमी होते. नाशिकचा द्राक्ष बागायतदार चिखल झालेल्या कोंबडीखताला कोरड्या खताचा भाव देत नाही.

आपल्या अधिकारात काय आहे याचा विचार करूनच ही विनंती करीत आहे. केंद्राने २०१८ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या करार शेतीच्या नमुना कायद्यात पशुधनाचाही समावेश आहे. त्याच्या धर्तीवर ब्रॉयलरच्या कराराचा नमुना तयार करताना त्यात तीन गोष्टी घालाव्यात. माल उचलताना शंभर पक्ष्यांच्या तळव्यांची, दोघांच्या सहीची नोंद. खाद्याच्या प्रत्येक खेपेतून दोघांसमोर सीलबंद केलेला नमुना आणि पोत्यावर प्रथिनांबरोबर सोडियमचा प्रत्यक्ष आकडा. आणि वाढवणीच्या मोबदल्यात तुसासाठी वेगळी तरतूद, जी पावसाळ्याच्या लॉटला जास्त असेल. वाद झाल्यास नमुना तपासण्याचे काम महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांकडे देता येईल. नागपूर, परळ, परभणी, उदगीर, शिरवळ अशी ती राज्यभर पसरलेली आहेत. पहिल्या वर्षी कोणालाही दंड करू नये, कोणाचाही मोबदला कापू नये. फक्त आकडे गोळा करावेत आणि ते कंपनीनिहाय व महिनावार प्रसिद्ध करावेत.

येत्या पावसाळ्यापूर्वी एका जिल्ह्यात, शेतकरी आणि कंपन्या दोघांनाही बसवून, आपण हे सुरू करावे अशी विनंती आहे. खर्च लागेल तो तळवे तपासण्याचे प्रशिक्षण आणि छापील कार्ड एवढाच.

कळावे,
आपला विश्वासू,
राज्याच्या कुक्कुटपालनाविषयी आस्था असलेला एक नागरिक